हिरव्यात हिरवं

मुकादम झाडाखाली उभा राहून बोटानं एकेक लिंबू दाखवायला लागला, तशा थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे झाड तिनं सकाळीच उरकलेलं. झोळी क्रेटमध्ये उपडी करून, 'झालं हे' म्हणून ती पुढच्या ओळीला लागली होती. आणि हा आता म्हणत होता, हे एक, हे दुसरं, हे बघा पानाआड तिसरं, इथं तर चार-पाचांचा घोसच लोंबतोय, वहिनी. बोट जिथं थांबे तिथं थोरली बघे. तिला नुसता पाला दिसे. मग मुकादम लिंबाला धरून हलवी, आणि ते एकदम पाल्यातून बाहेर येई, जसं काही त्यानंच ते आत्ता तिथं टांगलं.

आजूबाजूच्या बायांचे हात मंदावले होते. तोंडं झाडाकडं, कान इकडं.

"घाईत राहिली असतील," थोरली म्हणाली.

"चार-दोन राहिली तर घाई म्हणता येईल. हे अर्धं झाड आहे. संध्याकाळी बागवाला फेरी मारणार, त्याला मी काय सांगू?"

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता, तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर तिनं त्याला तिथल्या तिथं झाडला असता. हा तिच्या डोळ्यांसमोर तोडणी शिकलेला. देठ कसा पिळायचा, काट्याच्या कुठल्या बाजूनं हात घालायचा, ते तिनंच त्याला दाखवलं होतं. तेव्हा तिला सगळी बाग 'घार' म्हणायची. दहा पावलांवरून झाड बघून त्यावर किती क्रेट माल आहे ते सांगायची आणि सांगितलेलं चुकायचं नाही. हिरव्या पाल्यात हिरवं लिंबू, पण तिच्या नजरेतून सुटलं तर शपथ.

अडीच महिन्यांपूर्वी, कोरडं वारं सुटलेलं असताना, तिनं एक फांदी वाकवून धरली होती. फांदी हातातून निसटली आणि बोटभर काटा डाव्या डोळ्यात गेला. शहरातल्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. डोळा राहिला जागेवर, पण त्यातला उजेड गेला.

उजवा मात्र ठणठणीत होता. डॉक्टरांनी पांढऱ्या भिंतीवर पाटी लावली होती, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. थोरलीनं शेवटची ओळ अडखळत वाचली, तीही शाळा चौथीत सुटली म्हणून. दिसत नव्हतं म्हणून नव्हे. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, एका डोळ्यावर माणसं सगळी कामं करतात, फक्त पायरी उतरताना आणि पाणी ओतताना जरा सांभाळा.

ते तिनं सांभाळलं. पहिले आठ दिवस तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर जायचं, मग तिनं तांब्याचा काठ पेल्याला टेकवून ओतायची सवय लावून घेतली. सुई ओवता आली. उघड्या माळावर चुकलेली शेजारणीची शेळी सगळ्यांच्या आधी तिलाच दिसली. आभाळात उंच गेलेलं पाखरू दिसायचं. त्यामुळं घरच्यांना आणि बागेतल्या सगळ्यांना वाटलं, चला, निभावलं.

आणि मग ती बागेत आली, आणि झाड तिच्यासमोर भिंतीसारखं उभं राहिलं. पानं, फांद्या, काटे, फळं, सगळं एकाच कापडावर छापल्यासारखं. काय पुढं, काय मागं, काही लागेना. आठ दिवस ती कुणाला बोलली नाही. चाचपून तोडायची, हात रक्तबंबाळ व्हायचे. नवऱ्याला सांगितलं, तर तो गोंधळला. म्हणाला, मैलावरची शेळी दिसते आणि नाकापुढचं लिंबू दिसत नाही, हे कसलं दुखणं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. बायांनी आपसांत ठरवून टाकलं की तिला काट्याची धास्ती बसली आहे. कुणी म्हणालं, मन उडालं कामावरून.

आज मुकादमानंही तेच केलं जे सगळे करायचे. तिनं कसंबसं सांगितल्यावर त्यानं तळहातानं आपला एक डोळा झाकला, झाडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मला तर दिसतायत सगळी." दिसणारच. दोन्ही डोळ्यांनी आधी हेरून ठेवलेली फळं एका डोळ्यानं बघायला काय जातं? पण हे तेव्हा थोरलीला सुचलं नाही. तिला आपलीच शंका यायला लागली होती.

मुकादमानं मग आवाज खाली आणून सांगितलं की, शेडमध्ये निवडणीला बसा. गोणपाटावर माल पसरलेला असतो, सावली असते, आणि मुख्य म्हणजे उरलेला डोळा सलामत राहील. हे शेत संपायला चार दिवस आहेत, तोवर विचार करा. पुढच्या बागेत मी तुम्हाला तोडणीला नेऊ शकणार नाही.

शेडमध्ये कोण बसायचं ते थोरलीला ठाऊक होतं. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आणि दिवस भरत आलेल्या पोरी. ती बेचाळीस वर्षांची होती.

त्या दुपारी ती जेवायला बसली नाही. बाया सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या आणि ही ओळींमधून येरझारा घालत राहिली. बसलं की आतून कुणीतरी ढोसत असल्यासारखं व्हायचं. वाराही तसाच, एका दिशेनं वाहीना, घडीत इकडून, घडीत तिकडून, आणि सगळी बाग नुसती सळसळत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादम काही बोलला नाही. तिच्या उरकलेल्या झाडांवर त्यानं बोट ठेवलं नाही. तिला वाटलं, जमायला लागलं की काय. तिसऱ्या प्रहरी पाणी प्यायला म्हणून ती मागं गेली, तर आपल्याच झाडाखाली तिला धाकटी दिसली.

धाकटी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली तेव्हा लिंबोणीला काटे असतात हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. थोरलीनं तिला शिकवलं, पण ते हातावर चापट्या मारून. दोघींचं एक छप्पर, एक चूल, पण बोलणं कामापुरतं. धाकटी जाऊबाईला घाबरायची, आणि थोरलीला ते चुकीचं वाटत नव्हतं.

आता ती धाकटी तिचं झाड मागून झाडत होती. भराभर, चोरासारखी. राहिलेली लिंबं तोडून आपल्या झोळीत न घालता थोरलीच्या क्रेटमध्ये टाकत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

धाकटी दचकली. खाली बघून म्हणाली, कालपासून. मग तिनं जीव एकवटून सांगितलं की, मुकादमानं पुन्हा बायांसमोर तसं दाखवलेलं तिला बघवणार नव्हतं.

थोरलीचा तोल गेला. ती काय काय बोलली ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. माझ्या मागं शेपूट होऊन फिरू नकोस, माझ्यावर दया करायला तू कोण, लिंबू आणि पेरू यांतला फरक मी शिकवला तेव्हा कळला तुला, असं बरंच. धाकटी मुकाट ऐकत होती. तिच्या मुकाटपणानं थोरली आणखी पेटली. मला दिसतं, म्हणाली. हे बघ, इथं आहे एक. आणि समोर पाल्यात एक गोल दिसत होता त्यावर तिनं हात टाकला.

तिथं लिंबू होतं, यात खोटं काही नाही. पण लिंबाच्या मागं, वीतभर आत, गांधीलमाश्यांचं पोळं होतं. तिला ते लिंबाच्याच पातळीवर चिकटलेलं दिसलं, वाळक्या पानाच्या डागासारखं. हात लिंबाला चुकवून सरळ पुढं गेला.

पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. हाताला निखारा लागावा तसं झालं. धाकटी ओरडली, पण पळाली नाही. तिनं थोरलीला कंबरेला धरून मागं ओढलं, जमिनीवर पाडलं आणि स्वतः तिच्यावर पालथी पडली. दोन्ही तळहातांनी तिनं थोरलीचा उजवा डोळा गच्च झाकून धरला होता. आपलं तोंड झाकायला तिच्याकडं हात उरले नव्हते.

थोरलीच्या हाताला तीन दंश झाले. धाकटीला मानेवर दोन, गालावर एक आणि उजव्या पापणीवर एक.

संध्याकाळपर्यंत धाकटीचं अर्धं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. डोळा कुठं आहे तेच कळेना. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. थोरली घडी बदलत राहिली. नवऱ्यानं वेल्डिंगच्या दुकानातून साध्या काचेचा गॉगल आणून तिच्यापुढं ठेवला. हा त्यानं आधीही एकदा आणला होता, तेव्हा तिनं तो फडताळावर फेकला होता. या वेळी तिनं घेतला.

सकाळी सगळे म्हणाले, धाकटीनं घरी राहावं. धाकटी म्हणाली, एक डोळा उघडा आहे की, रस्ता दिसतोय, सगळं दिसतंय, घरी बसून काय करू? आणि ती निघाली. वाटेत तिनं लांबच्या टेकडीवरची माणसं मोजून दाखवली.

बागेत मुकादमानं दोघींना शेजारशेजारची झाडं दिली. थोरली गॉगल लावून आपल्या झाडाशी झगडू लागली. पलीकडं बराच वेळ देठ तुटल्याचा आवाज आला नाही. धाकटीचा हात तर मशीनसारखा चालायचा. थोरलीनं वळून पाहिलं. धाकटी झाडासमोर नुसती उभी होती, झोळीत पाच-सहा लिंबं.

"जाऊबाई, या झाडाला फळ कमी धरलंय का हो?"

थोरलीच्या हातातलं लिंबू तसंच राहिलं. तिनं पलीकडच्या ओळीतल्या बाईला हाक मारून विचारलं, या झाडावर माल कसा आहे? बाईनं मान वर करून एक नजर टाकली आणि म्हणाली, लगडलंय की, काय विचारता.

धाकटी झाडाच्या अगदी जवळ गेली, मग मागं आली. उघड्या डोळ्यावर ताण देऊन कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "सगळं चिकटलंय," ती म्हणाली. "पडदा टाकल्यासारखं. टेकडीवरची माणसं दिसली हो मला. मग हे का दिसत नाही?"

थोरलीला त्या क्षणी काय झालं, ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. तिला आनंद झाला. पोटातून उसळून आलेला, लाज वाटावी असा आनंद. समोर पोरीचं तोंड सुजून काळंनिळं झालेलं, तेही आपल्यापायी, आणि आपण आतल्या आत नाचतोय. इतके दिवस ज्याला दुखणं म्हणायलाही कुणी तयार नव्हतं, ते दुसऱ्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आज पहिल्यांदा दोघींचं जळत होतं.

"असंच दिसतं मला," ती म्हणाली. "रोज."

धाकटी रडायला लागली. थोरलीनं तिला रडू दिलं, थोडा वेळ. मग दंडाला धरून उठवलं.

तो दिवस दोघींनी झाडाशी कुस्ती खेळण्यात घालवला. एकीला सुचलेलं दुसरी करून बघायची. धाकटीनं खताची पांढरी रिकामी गोणी फांदीमागं धरली, तर पुढची लिंबं पाटीवरच्या अक्षरांसारखी उठून दिसली. पण गोणी काट्यांत अडकायची, ती सोडवायला दोन माणसं लागायची, आणि चौथ्या फांदीला ती टरकन फाटली तेव्हा दोघींनाही हसू आवरेना. मग थोरली झाडाखाली उताणी झोपली. वरच्या फांद्यांमागं मोकळं आभाळ होतं, त्यावर लिंबं काळ्या गोट्यांसारखी स्वच्छ दिसत होती. वरची फळं तशी सापडली. पण मधली, पोटातली फळं राहिलीच. त्यांच्या मागं आभाळ नव्हतं, आणखी पाला होता.

खरी गोष्ट थोरलीच्या येरझाऱ्यांनी दाखवली. वैतागून ती झाडापुढून तरातरा इकडून तिकडं गेली आणि मध्येच थबकली. पुन्हा तशीच गेली. चालताना पुढची पानं भरकन सरकत होती, मागची सावकाश. आणि त्या सरकासरकीत एक गोल मात्र अख्खाच्या अख्खा राहत होता, पानं त्याच्यावरून निघून जात होती. ती थांबली की तो पाल्यात विरघळायचा, हलली की परत यायचा.

"मान हलव," तिनं धाकटीला सांगितलं. "पाय रोवून उभी राहा आणि डोल. अशी. नजर एका जागी ठेव."

धाकटी डोलली. तिचं तोंड उघडं पडलं. "तीन आहेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाही, चार."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बागेची करमणूक झाली. दोन जावा दोन झाडांपुढं नागासारख्या डोलतायत म्हटल्यावर कुणाला हसू येणार नाही? एकीनं विचारलं, पुंगी कुठं आहे? थोरलीनं तिला डोलता डोलताच उत्तर दिलं की, तुझ्या तोंडाला आहे तीच पुरे. वाऱ्यानं मात्र जीव खाल्ला. झाड आपणहून हलायला लागलं की सगळं गणित फिसकटायचं, कोण सरकतंय तेच कळेना. मग झुळूक पडेपर्यंत, दात खात, थांबायचं. थोरलीच्या स्वभावात थांबणं नव्हतंच. ते तिला सगळ्यांत जड गेलं.

बागवाला फेरीला आला. मुकादम त्याला आधी दुसऱ्या ओळींतून फिरवत राहिला, ते थोरलीला लांबूनही कळलं. शेवटी ते दोघं तिच्या झाडांशी आले. बागवाला प्रत्येक झाडाभोवती फिरला, फांद्या वर करून पाहिल्या. तीन लिंबं निघाली, चौथं पिवळं पडलेलं. इतकी तर सगळ्यांचीच राहतात, असं पुटपुटून तो पुढं गेला. मुकादम मागं रेंगाळला.

"वहिनी, आज क्रेट किती झाले?"

"पाच."

आधी नऊ व्हायचे. ते दोघांनाही माहीत होतं. मुकादमानं डोकं खाजवलं. मग तो म्हणाला की, पुढची बाग नदीच्या वळणावर आहे, तिथं वारा कमी असतो, सकाळी जरा लवकर निघावं लागेल. गॉगल तेवढा विसरू नका. शेडचं नाव त्यानं काढलं नाही.

शेताचा शेवटचा दिवस उजाडला. थोरली पहाटेपासून उठून बसली होती. क्रेट उचलायची, खाली ठेवायची. पाच क्रेटची बाई म्हणून आपल्याला नेतायत, की डोळा गेलेली म्हणून, हा भुंगा डोक्यात शिरला होता. बागेत पोचल्या पोचल्या तिनं झाड धरलं. डोल, बघ, हात घाल. डोल, बघ, हात घाल. दोन्ही हातांवर जुन्या ओरखड्यांत नवे ओरखडे होते, पण कालच्यापेक्षा कमी.

शेजारी धाकटी डोलत होती.

तासाभरानं थोरलीच्या कानानं काहीतरी टिपलं. देठ तुटल्याचे आवाज. टक, टक, टक, न थांबता. डोलून तोडणारीचा आवाज असा येत नाही. एक टक, मग थांबा, मग एक टक. तिनं आपल्या झाडाआडून पाहिलं. धाकटीची मान इकडून तिकडं जात होती, ते खरं. पण हात मानेची वाट बघत नव्हते. मान उजवीकडं असताना हात डावीकडच्या लिंबावर पोचलेला असायचा.

थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. सूज बरीच उतरली होती. पापणीखाली बारीकशी फट पडली होती आणि तिच्यातून बुबुळ चमकत होतं.

"उघडला का?"

"थोडासा," धाकटी म्हणाली. "सकाळीच. अजून पाणी येतंय."

"मग डोलतेस कशाला?"

धाकटीची मान थांबली. चोरी पकडल्यासारखी ती झोळीचा बंद ओढत राहिली.

थोरलीला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. ती झाडाकडं वळली. डोलली नाही, तशीच ताठ उभी राहिली. समोर हिरवी भिंत.

"कसं दिसतंय सांग मला," ती म्हणाली.

"असंच, आपलं नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे कसं? मी विसरायला लागलेय."

धाकटीनं सुजका डोळा पुसला. असल्या गोष्टी कोण कुणाला सांगतं?

"हे पान आपल्याकडं आलंय, बघा. नाकाला लागेल इतकं," ती बोट दाखवत म्हणाली. "त्याच्या मागं जागा आहे. मूठ जाईल एवढी, नुसती मोकळी. मग ती आडवी फांदी. तिचे दोन काटे आपल्याकडं, एक पलीकडं. मग परत जागा. तिथं लिंबू, एकटंच, कशालाच चिकटलेलं नाही. त्याच्या चारी बाजूंनी वारा फिरतो."

"त्याच्या मागं?"

"त्याच्या मागंसुद्धा झाड आहे, जाऊबाई. लांबपर्यंत आत जातंय."

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. एकदा मान हलवली, होय म्हणतात तशी. मग झोळी कमरेवर घट्ट ओढून बांधली.

"तू आता डोलू नकोस," ती म्हणाली. "निम्मा वेळ जातो त्यात. ऊन चढायच्या आत ही ओळ संपव. पलीकडची माझी."

आणि ती पलीकडच्या ओळीत गेली. पहिल्या झाडापुढं तिनं पाय फाकवून रोवले आणि वाऱ्याची झुळूक पडायची वाट पाहिली. पाला स्थिर झाला तशी ती डावीकडं झुकली, मग उजवीकडं. झाड अर्धा क्षण उघडलं. ते मिटायच्या आत तिनं हात आत घातला.